जनुकांचे भाकीत आणि गावची नोंद

भाकरीचा घास उतरेनासा झाला की कोल्हापूरकडची माणसे ती दुधात कुसकरून खातात, पुढे नुसत्या पेजेवर राहतात आणि पेजही अडकू लागली म्हणजे रुग्णालयाची पायरी चढतात. अन्ननलिका ही लवचीक नळी. तिचा बराचसा मार्ग गाठीने व्यापला जाईपर्यंत ती तक्रार करीत नाही. त्यामुळे तिच्या कर्करोगाचे निदान बहुधा उशिरा होते, आणि उपचारांनंतर दुखणे कोणाचे उलटेल हे सांगणे वैद्यकाला कठीण जाते.

याचे उत्तर आता जनुकांत शोधले जात आहे. ‘सॉक्स-२’ हे जनुक गर्भावस्थेत अन्ननलिकेच्या घडणीत भाग घेते. शिन्या यामानाका यांनी २००६ साली ज्या चार जनुकांच्या साहाय्याने उंदराच्या पक्व पेशींना मूळपेशींचे रूप दिले, त्यांपैकीही हे एक. २००९ साली अन्ननलिकेच्या कर्करोगात त्याच्या जादा प्रती आढळल्या. गाठीतील काही पेशी मूळपेशींसारख्या वागतात, औषधांना व किरणोपचाराला पुरून उरतात आणि रोग पुन्हा उभा करतात, अशी उपपत्ती आहे. तेव्हा अशी जनुके अधिक सक्रिय तितके आयुष्य कमी, असा हिशेब मांडण्याचा मोह होतो. परंतु काही अभ्यासांत हा संबंध दिसतो, काहींत दिसत नाही.

शिवाय यांतील पुष्कळसे अभ्यास चीन व जपानमधील रुग्णांवरचे आहेत. निपाणीची तंबाखू ज्याच्या वेशीवर पिकते आणि जेथे घरोघरच्या बायकांनी वर्षानुवर्षे मिश्री लावली, त्या जिल्ह्याला ते जसेच्या तसे कसे लागू करावयाचे? धूरविरहित तंबाखू हे या रोगाचे सिद्ध कारण आहे.

जनुकांची तपासणी एकट्याने काहीच सांगत नाही. ज्याच्या गाठीचा तुकडा तपासला तो पुढे किती जगला, हे ठाऊक असेल तरच तिला अर्थ येतो. आपल्याकडे शस्त्रक्रिया होते, रुग्ण गावी जातो आणि पुष्कळदा पुन्हा फिरकत नाही. एस. टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी पाहता त्याला दोष तरी कसा द्यावा? बार्शीला १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा तिचे कार्यकर्ते बार्शी, परांडा व भूम तालुक्यांत गावोगाव हिंडले. कोल्हापुरातील सरकारी व खासगी रुग्णालयांनी, आणि त्यांना पैसा पुरविणाऱ्या शासनाने, तोच मार्ग धरावा. जनुके तपासणारे यंत्र विकत मिळेल; पण शाहूवाडीचा वा चंदगडचा तो रुग्ण दोन वर्षांनी हयात आहे की नाही, हे गावच्या आशाताईंनाच विचारावे लागेल.