भिंगाखालची माणसं

घरातल्या कुणाच्या हातात आपला फोन द्यायची वेळ आली की आपण मनातल्या मनात एक उजळणी करतो. गॅलरीत काही नको ते नाही ना, जावेबद्दल बहिणीला लिहिलेलं व्हॉट्सॲपवर अगदी वर नाही ना, बँकेचा मेसेज उघडा नाही ना. एवढं झालं की निर्धास्तपणे फोन पुढे करतो. भिंग मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर काही शोधायचं म्हणून त्या भिंगाच्या चिन्हावर बोट ठेवा. एक अक्षरही टाइप करायच्या आधी खाली नावांची रांग उभी राहते, गोल चौकटीतल्या चेहऱ्यांसकट. गेल्या काही दिवसांत आपण कुणाकुणाला शोधलं त्याची ती यादी. आपण कुणाशी बोललो ते चॅटमध्ये असतं. ज्यांच्याशी बोललोच नाही, नुसतं डोकावून आलो, ते सगळे इथे.

सर्वसाधारण मराठी घरात या यादीची सुरुवात बहुधा स्थळांपासून होते. पूर्वी स्थळ आलं की चौकशीला माणूस धाडत. मुलाच्या ऑफिसात कुणी ओळखीचं आहे का, ते राहतात त्या बाजूला आपलं कोण आहे, असं चालायचं. आता बायोडेटा व्हॉट्सॲपवर येतो आणि पोहे भिजवायच्या कितीतरी आधी सगळं घर आपापल्या फोनवर मुलाला शोधून मोकळं होतं. मुलगी शोधते, तिची मावसबहीण शोधते, आई शोधते. मुलाचं खातं बंद दरवाजाचं असेल तर त्याच्या आत्याला शोधतात, कारण आत्यांची खाती सताड उघडी असतात आणि त्यांवर घरातल्या सगळ्या मुंजी-बारशांचे फोटो असतात. पलीकडच्या घरातही हेच चाललेलं असतं. मग एका रविवारी दोन्ही घरं समोरासमोर बसतात. मुलगा गेल्या दिवाळीत हंपीला गेला होता आणि कुणाकुणाबरोबर गेला होता हे मुलीच्या काकूलासुद्धा पाठ असतं. तरी "फिरायची आवड आहे का हो?" हा प्रश्न ती इतक्या निरागसपणे विचारते की राज्य नाट्य स्पर्धेत बक्षीस मिळावं.

स्थळ फिसकटतं. नाव यादीत राहतं. पुढे कधीतरी घरात वेगळ्याच कारणाने भिंग उघडलं जातं आणि नाकारलेला मुलगा त्या गोल चौकटीतून हसत असतो.

दुसरा मोठा गट शाळेतल्या मैत्रिणींचा, आणि हा शोध मराठी बाईला जितका दमवतो तितका मराठी पुरुषाला दमवत नाही. मित्र शोधणं सोपं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं जागच्या जागी. मैत्रिणीचं मात्र लग्नात आडनाव गेलं, मधलं नाव गेलं, आणि काही घरांत तांदळात अंगठी फिरवून पहिलंही गेलं. आठवीच्या वर्गातली वैशाली आज कोणत्या नावाने नांदते आहे ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं. मग सुरू होतो तो खटाटोप यादीत जसाच्या तसा उतरतो. आधी व्ही लावून वैशाली, मग डब्ल्यू लावून, मग शेवटी आयच्या ऐवजी डबल ई. मग नावाबरोबर गावाचं नाव. मग शाळेचं. शेवटी आठवतं की तिला एक भाऊ होता. भावाचं आडनाव कुठे जात नाही! तो सापडतो, पोट सुटलेला, पण नाक तेच. त्याच्या मित्रयादीत शिरलं की वैशाली हाती लागते. फेसबुकवर आपल्या नावाखाली माहेरचं नाव लिहायची सोय आहे, ती अशा वैशालींसाठी मोलाची. पण ती वापरायला आधी वैशालीला वाटायला हवं की आपल्याला कुणीतरी शोधत असेल.

यादीतला हा भाग पुसावा असं मला कधी वाटत नाही. पुसावीशी वाटतात ती नावं निराळी असतात, आणि ती कोणती हे ज्याचं त्याला माहीत.

आपण कुणाला शोधलं हे त्या माणसाला कळत असेल का, ही धाकधूक आमच्या पिढीच्या मनात ऑर्कुटने भरवली. गूगलचं ऑर्कुट जानेवारी २००४ मध्ये आलं आणि ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. भारत आणि ब्राझील या दोन देशांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. तुमच्या पानावर अलीकडे कोण येऊन गेलं ते ऑर्कुट दाखवायचं. ही सोय बंद करता यायची, पण मग तुमच्याकडे कोण आलं तेही दिसायचं नाही. म्हणजे लपायचं असेल तर आंधळंही व्हायचं! त्या काळात हॉस्टेलवरची मुलं आवडत्या मुलीचं पान बघायला दुसऱ्याचं खातं उसनं मागत. फेसबुक आणि इन्स्टाग्राम असली चुगली करत नाहीत. इन्स्टाग्रामवर स्टोरी बघितली तर बघणाऱ्याचं नाव स्टोरीवाल्याला दिसतं, पण नाव शोधलं किंवा प्रोफाइल चाळलं तर काही कळत नाही. लिंक्डइनवर कळू शकतं, तिथे जरा जपून. आणि "तुमचं प्रोफाइल चोरून कोण बघतं ते जाणून घ्या" म्हणणारी जी ॲप फिरत असतात, त्यांना ते मुळात कळूच शकत नाही. त्यांचा डोळा तुमच्या पासवर्डवर असतो.

तर ज्याला शोधलं त्याची भीती नाही. उरले दोघे. एक घरातली माणसं आणि दुसरी ती कंपनी.

आधी यादी कुठे असते ते सांगून टाकते. फेसबुकवर भिंगाखाली दिसतात ते ताजे शोध. सगळं हवं असेल तर मेनूतून ‘सेटिंग्ज अँड प्रायव्हसी’, तिथून ‘ॲक्टिव्हिटी लॉग’ आणि त्यात ‘सर्च हिस्टरी’. इन्स्टाग्रामवर ‘युवर ॲक्टिव्हिटी’मध्ये ‘रिसेंट सर्चेस’. दोन्हीकडे एकेक नाव काढता येतं आणि सगळं एकदम पुसायचंही बटण आहे. यूट्यूबवरचे शोध गूगलच्या ‘माय ॲक्टिव्हिटी’त जमा होतात. तिथे तीन, अठरा किंवा छत्तीस महिन्यांहून जुनं असेल ते आपोआप पुसलं जावं असं ठरवून ठेवता येतं. या बटणांच्या जागा अधूनमधून बदलतात. एरवी अशा वेळी आपण घरातल्या आठवी-नववीतल्या पोराला हाक मारतो. या एका कामाला मारू नये.

फेसबुकची ती पूर्ण यादी तारीखवार असते, आणि पुसण्याआधी ती एकदा सावकाश वाचावी असं माझं मत आहे. स्वतःची रोजनिशी लिहिण्याचा आळस असलेल्यांना ही आयती मिळालेली असते. अमुक आठवड्यात आपण एका डॉक्टरांचं नाव सारखं का शोधत होतो ते आठवतं. सोसायटीच्या निवडणुकीच्या सुमारास शोधलेला चेअरमनचा मेहुणा आठवतो. काही वर्षांपूर्वी गेलेल्या एका मित्राचं नाव दर वर्षी एकाच महिन्यात दिसतं, त्याच्या वाढदिवसाच्या आगेमागे. आणि काही नावं अशी असतात की ती कोण, का शोधली, रात्री दीड वाजता का शोधली, याचा कितीही डोकं खाजवलं तरी पत्ता लागत नाही.

पुसायचं ते मुख्यतः घरापासून, हे आपण मोकळेपणाने मान्य करत नाही. प्रायव्हसी म्हटलं की अमेरिकेतली कंपनी डोळ्यांसमोर येते; खरं तर फोनचा पासवर्ड नवऱ्याला ठाऊक असतो, पोरगं त्यावर गेम खेळतं, नणंद "एक फोटो बघू" म्हणून हातात घेते. ज्या घरात हे हसण्यावारी जातं तिथे ठीक. पण तालुक्याच्या गावात कॉलेजला जाणाऱ्या मुलीचा फोन तिचा भाऊ रात्री तपासतो, तिथे भिंगाखालचं एक नाव तिचं कॉलेज बंद करायला पुरतं. मार खाणारी बाई वकील शोधते, एखादी संस्था शोधते, माहेरच्या जुन्या मैत्रिणीला शोधते. तिच्यासाठी ते पुसायचं बटण फार मोठी गोष्ट आहे. आणि अशांना मी सांगेन की सगळं पुसू नका. कोरी यादी फार बोलते. "सगळं का पुसलंस?" या प्रश्नाला उत्तर नसतं. जे नको ते एकेक नाव फुली मारून काढा. साडीची दुकानं, मालिकांतल्या नट्या, पाककृतीवाल्या ताई तिथेच राहू द्या. ही नोंद खात्याशी जोडलेली असल्याने फोनवर पुसली की कंप्युटरवरूनही जाते. मात्र क्रोममध्ये शोधलं असेल तर ती यादी वेगळी, ती वेगळी पुसावी लागते. आणि कीबोर्डसुद्धा नावं लक्षात ठेवतो, पहिलं अक्षर दाबताच पुढचं सुचवतो.

घराच्या बाबतीत ते बटण असं चोख काम करतं. कंपनीच्या बाबतीत तसं म्हणवत नाही. आपल्याकडची चिठ्ठी आपण फाडली तरी वाण्याच्या वहीत नोंद राहते, तसा हा मामला. फेसबुकच्या २०१८ च्या माहिती धोरणात हे लिहिलेलंच होतं की शोध तुम्ही तुमच्या यादीतून कधीही काढू शकता, पण त्याचा लॉग सहा महिन्यांनी काढला जातो. त्याच वर्षी केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण उघडकीला आलं, ८.७ कोटी लोकांची माहिती गेल्याचं फेसबुकने सांगितलं, आणि मे महिन्यात मार्क झकरबर्ग यांनी ‘क्लिअर हिस्टरी’ नावाची सोय देऊ असं जाहीर केलं. बाहेरच्या वेबसाइट आणि ॲप तुमच्याबद्दल फेसबुकला जे कळवत असतात त्याच्यासाठी ती होती. जगभर ती मिळेपर्यंत जानेवारी २०२० उजाडलं, नाव ‘ऑफ-फेसबुक ॲक्टिव्हिटी’ झालं होतं, आणि बटण दाबल्यावर माहिती नष्ट होत नव्हती. ती तुमच्या खात्यापासून तोडली जात होती, एवढंच.

नाव तोडलं की माणूस सुटतो का, याची एक जुनी गोष्ट आहे. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले दोन कोटी शोध इंटरनेटवर ठेवले. नावं काढून प्रत्येकाला नुसता क्रमांक दिलेला. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी काही दिवसांतच ४४१७७४९ या क्रमांकाच्या मागचं माणूस शोधून काढलं. जॉर्जिया राज्यातल्या एक वयस्कर बाई निघाल्या. त्या आपल्याच आडनावाची माणसं शोधत, आपल्या गावातली कामं करणारी माणसं शोधत. त्यावरून माग लागला. त्यांच्या यादीत दुखणीही खूप होती. ती वाचून कुणालाही वाटावं, बाई किती आजारी! पण त्यातली बरीच दुखणी त्यांच्या मैत्रिणींची होती. मैत्रिणींची काळजी कमी व्हावी म्हणून बाई त्यांच्यासाठी शोधून ठेवत. शोधांवरून माणूस ओळखणारं यंत्र इथे हमखास फसणार. मावशीच्या गुडघ्यासाठी आपण एकदा तेल शोधतो आणि पुढचे कित्येक आठवडे आपल्यालाच वाकून चालणारी माणसं दाखवली जातात, ते याच जातीचं.

आपल्याकडचा कायदा याबाबत दोन तोंडांनी बोलतो. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १२ ने माहिती पुसून मागायचा अधिकार दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि त्यांत कंपन्यांनी माहिती व लॉग किमान एक वर्ष जपून ठेवावेत असं आलं, सरकारला ठरावीक कामांसाठी लागले तर असावेत म्हणून. नागरिक म्हणतो पुसा, सरकार म्हणतं ठेवा. माझा कौल नागरिकाकडे. रात्री दीड वाजता मी कुणाला शोधलं यात सरकारला वर्षभर पुरेल असं काय आहे?

एक नाव राहिलं. जवळजवळ प्रत्येकाच्या यादीत ते सापडतं आणि कुणी कबूल करत नाही: स्वतःचं. सदर लिहिणाऱ्यांच्या यादीत तर नक्कीच. लेख छापून आल्याच्या सकाळी भिंगाला विश्रांती नसते. ब्रिटनच्या मजूर पक्षाचे एड बॉल्स २०११ मध्ये विरोधी बाकांवरून पक्षाचं अर्थखातं सांभाळत होते. २८ एप्रिलला ते ट्विटरवर स्वतःचं नाव शोधायला गेले आणि शोधायच्या चौकटीऐवजी ट्विट लिहायच्या चौकटीत ते टाइप केलं. ‘एड बॉल्स’, बस, एवढंच ट्विट जगाला गेलं. त्यांनी ते काढलं नाही. तेव्हापासून दर २८ एप्रिलला लोक ‘एड बॉल्स दिन’ साजरा करतात. २०१५ च्या निवडणुकीत बॉल्स यांची खासदारकी गेली, आणि पुढच्या वर्षी ते टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत उतरले. तेव्हा तरी लोकांनी त्यांचं नाव बरोबर चौकटीत शोधलं असेल.