येऊन-जाऊन शिकणाऱ्यांचे विद्यापीठ

विद्यापीठ म्हटले की वृक्षराजीत वसलेल्या इमारती, वसतिगृहे आणि सायंकाळी चर्चेत रंगलेले विद्यार्थी असे चित्र आपल्या मनात उभे राहते. मुंबई परिसरातील बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या वाट्याला यातले फार थोडे येते. कसारा हे स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे, कर्जत सुमारे १०० किलोमीटरवर, तर विरार चर्चगेटपासून सुमारे ६० किलोमीटरवर. या पट्ट्यांतून मुले-मुली रोज लोकलने शिकायला येतात. विद्यापीठाच्या कलिना संकुलात जायचे तर कुर्ला किंवा सांताक्रूझला उतरून पुन्हा बस वा रिक्षा गाठावी लागते. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी येथे अपवाद आहे, येऊन-जाऊन शिकणारा हाच नियम. शैक्षणिक संकुलांची आखणी करताना मात्र या नियमाची दखल क्वचितच घेतली जाते.

याचे मूळ इतिहासात आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढेच त्याचे काम होते. विद्यापीठांनी स्वतः अध्यापन करावे ही कल्पना कायद्यात आली ती १९०४ साली. परीक्षार्थी हा विद्यापीठाचा मूळ विद्यार्थी. तो येणार, उत्तरपत्रिका लिहिणार आणि जाणार. अध्यापन सुरू झाले, विभाग वाढले, इमारती उठल्या. पण विद्यार्थ्याकडे पाहण्याची ती जुनी दृष्टी पुरती गेली असे म्हणता येत नाही. त्याच्यासाठी वर्ग आहे, प्रयोगशाळा आहे, परीक्षेचे बाक आहे. दोन तासिकांच्या मध्ये तो कोठे असतो, हा प्रश्न आपण विचारीत नाही.

वाया जाणारे भांडवल

तो असतो जिन्यावर, व्हरांड्यात, कट्ट्यावर किंवा उपाहारगृहात. ग्रंथालय आहेच की, असे कोणी म्हणेल. परंतु ग्रंथालयात बोलता येत नाही आणि डबा खाता येत नाही. उपाहारगृहात चहा संपला की टेबल सोडावे लागते. कट्ट्याचे आकर्षण आम्हा सर्वांना ठाऊक आहे. पण जून-जुलैच्या पावसात कट्टा उपयोगाचा नसतो आणि मुलींना तो तीन तास बसण्यासारखा वाटेलच असेही नाही.

या रिकाम्या वेळेचा हिशेब अर्थशास्त्राच्या नेहमीच्या रीतीने मांडून पाहावा. एखाद्या विद्यार्थ्याचे रोज दोन तास बसायला योग्य जागा नाही एवढ्याच कारणाने वाया जातात असे गृहीत धरू. अध्यापनाचे दिवस वर्षाला १८० धरले तर हे ३६० तास होतात. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास. म्हणजे वर्षाला २४ श्रेयांकांच्या व्याख्यानांइतका वेळ गेला. तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक लागतात, वर्षाला सरासरी ४०. गृहीत कमी धरून रोजचा एकच तास मोजला, तरी वाया जाणारा वेळ १२ श्रेयांकांइतका भरतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार मुख्य विषय, गौण विषय आणि खुले ऐच्छिक विषय अशी विभागणी आली. २०२४-२५ पासून ती संलग्न महाविद्यालयांतही लागू झाली. विषयनिवडीचे स्वातंत्र्य स्वागतार्हच आहे; परंतु एकाच वर्गातील मुलांची वेळापत्रके जितकी वेगळी, तितक्या मधल्या पोकळ्या अधिक, हे उघड आहे.

हा तोटा सर्वांना सारखा होत नाही. ज्याचे घर जवळ आहे तो घरी जातो, ज्याच्या खिशात पैसे आहेत तो एखाद्या वातानुकूलित कॉफीगृहात वही उघडून बसतो. ज्याचे सहा जणांचे कुटुंब एका खोलीत राहते, त्याला अभ्यासासाठी घरीही जागा नसते आणि येथेही नसते. त्याच्या दृष्टीने संकुलातील हे दोन तास दिवसातले एकमेव शांत तास ठरू शकतात. ते त्याच्याकडून हिरावले गेले की गळती सुरू होते. ती एकाएकी होत नाही. मूल प्रथम शेवटची तासिका सोडते, मग शनिवारचे प्रात्यक्षिक, मग परीक्षेचा एखादा विषय. प्रवेश रद्द झाल्याचा अर्ज कोणी देत नाही. हजेरीपटावरील नाव तेवढे मुके होते.

दारापर्यंतचा खर्च

शासन काहीच करीत नाही असे नव्हे. रेल्वे विद्यार्थ्यांना सवलतीचा पास देते. एस. टी.च्या मासिक पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क २०२४-२५ पासून पूर्णतः माफ झाले. हे सारे योग्यच आहे. पण या साऱ्या खर्चाने विद्यार्थी महाविद्यालयाच्या दारापर्यंत येतो. दाराच्या आतील आठ तासांसाठी त्याच तोडीची तरतूद नसेल, तर आधीच्या खर्चाचे फळही अर्धेच पदरात पडणार.

हा विचार नवा नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) घरी अभ्यासाची सोय नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी दिवसा अभ्यास करता येईल अशी केंद्रे काढावीत, असे सुचविले होते. त्याही पूर्वी, १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांना यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. विद्यार्थ्याने संस्थेच्या घड्याळाप्रमाणे नव्हे, तर संस्थेने विद्यार्थ्याच्या घड्याळाप्रमाणे चालावे, हे तत्त्व त्यात होते. आज गरज आहे ती हेच तत्त्व जागेच्या रचनेत आणण्याची.

रचना कशी असावी?

पहिली गोष्ट स्थानाची. विद्यार्थी-साहाय्य केंद्र प्रशासकीय इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला असेल तर ते नसल्यासारखेच. ते प्रवेशद्वारापासून वर्गांकडे जाणाऱ्या वाटेवर आणि तळमजल्यावर हवे. मदत मागण्याचा संकोच असलेल्या मुलाला तेथे सहज डोकावता आले पाहिजे.

दुसरी गोष्ट वेळेची. गर्दी टाळण्यासाठी पहाटेची गाडी पकडणारा विद्यार्थी पहिल्या तासिकेच्या आधी येतो आणि सायंकाळची गर्दी ओसरेपर्यंत थांबू इच्छितो. अकरा ते पाच ही कचेरीची वेळ त्याच्या उपयोगाची नाही. रेल्वे सवलतीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि परीक्षेची चौकशी यांसाठी तीन खिडक्यांपुढे उभे राहावे लागणे, हा तर लांबून येणाऱ्याला दिलेला दंडच होय. या कामांना एकच खिडकी असावी आणि ती तासिकांच्या आधी व नंतर उघडी असावी. समुपदेशकाचेही तसेच. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. नेमणूक कागदावर पुरी होईलही, पण समुपदेशकाची वेळ आणि विद्यार्थ्याची गाडी यांचा मेळ बसला नाही तर तिचा लाभ कोणाला?

तिसरी गोष्ट सोयींची. शांत वाचनाची एक खोली, मोठ्याने बोलून गटाने अभ्यास करण्याची दुसरी, आणि काहीही विकत न घेता घरचा डबा खाता येईल अशी तिसरी. पिण्याचे पाणी, डबा गरम करण्याची व्यवस्था, फोन व लॅपटॉप चार्ज करण्याची सोय. दिवसभर खांद्यावर वाहावे लागणारे ओझे ठेवण्यासाठी कुलपाचे कप्पे. मुलींसाठी स्वच्छ प्रसाधनगृहाला जोडून घटकाभर पाठ टेकता येईल अशी खोली. अपंग विद्यार्थ्यांसाठी उतरता मार्ग. यात चैनीचे काहीही नाही.

मात्र आराखडा काढण्यापूर्वी विद्यार्थ्यांना विचारले पाहिजे. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून नगररचनाकार पॅट्रिक गेडिस आले. आधी पाहणी, मग आराखडा हा त्यांचा आग्रह होता. कोण किती वाजता येतो, कोठून येतो, मधला वेळ कोठे काढतो, हे एका आठवड्यात मोजता येईल. अर्थशास्त्र व समाजशास्त्राचे विद्यार्थीच ते मोजतील. ज्या विद्यापीठात गेडिस शिकवून गेले, त्याला ही पद्धत परकी वाटू नये.

जागा आणि पैसा

मुंबईत जागा कोठून आणायची, हा आक्षेप येईल. परंतु प्रत्येक ठिकाणी नवी इमारत हवी असे मुळीच नाही. बहुतेक महाविद्यालयांत दिवसाच्या काही वेळा वर्ग रिकामे व कुलूपबंद असतात. कोणता वर्ग केव्हा मोकळा आहे हे फलकावर लावले आणि तो उघडा ठेवला, तरी अर्धे काम होते. उघडे ठेवायला माणसे हवीत, हेही खरे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या विचारातून आलेली ‘कमवा व शिका’ योजना महाराष्ट्रात सुपरिचित आहे. केंद्राची देखभाल त्या योजनेतील विद्यार्थ्यांकडे सोपविली, तर त्यांना मिळकत आणि केंद्राला आपलेपणा, दोन्ही लाभतील. एक पथ्य मात्र पाळावे. या केंद्रासाठी वेगळे शुल्क लावू नये. लावल्यास ज्याला त्याची सर्वाधिक गरज आहे तोच बाहेर राहील.

पटसंख्या, निकाल आणि मूल्यांकनातील श्रेणी यांचे आकडे आपण दरवर्षी मोठ्या हौसेने छापतो. त्यांच्या जोडीला यापुढे प्रत्येक महाविद्यालयाने आणखी दोन आकडे जाहीर करावेत: आपले किती विद्यार्थी रोज दोन तासांहून अधिक प्रवास करून येतात, आणि त्यांच्यापैकी किती जणांना एका वेळी बसता येईल एवढी जागा आपल्याकडे आहे. या दोन आकड्यांतील अंतर एकदा छापले गेले, की ते कमी करण्याची मागणी विद्यार्थी आणि पालक स्वतःच करतील.