वाटेला फुटणारे फाटे

प्रवेशाचे दिवस आले की आमच्या मराठी विभागाच्या दारात दरवर्षी काही विद्यार्थी संकोचाने उभे असतात. एम.ए.ला प्रवेश हवा असतो. पण आपण इथवर कसे आलो, हे सांगताना त्यांची वाक्ये अर्धवट राहतात. कुणाचे अभियांत्रिकीचे शिक्षण दुसऱ्या वर्षी सुटलेले असते, कुणी घरच्या आजारपणात तीन वर्षे घालवलेली असतात. अशांकडून आपण एक प्रतिज्ञापत्र मागतो. त्याला बोलीत 'गॅप सर्टिफिकेट' म्हणतात. मधल्या काळात आपण अन्यत्र कोठेही प्रवेश घेतला नव्हता, असे त्यात विद्यार्थ्याने शपथेवर सांगायचे असते. त्या काळात त्याने काय केले नाही एवढेच आपल्याला हवे असते. काय पाहिले, काय सोसले, हे विचारणारा रकाना त्या कागदावर नसतो.

आम्हाला हे खटकते, कारण जे साहित्य आम्ही वर्गात शिकवतो ते बरेचसे अशा 'गॅप'मधूनच आलेले आहे. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) घ्या. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो. वसतिगृह, मेस, गॅदरिंग, उधारी यांत रमतो आणि पोळतो. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, आणि त्यानंतर अभ्यास, परीक्षा, पदवी या शब्दांचा त्याच्या लेखी अर्थच बदलून जातो. शेवटी तो गावी परततो. या कादंबरीतील अस्तित्ववादावर आम्ही दहा गुणांचा प्रश्न विचारतो. पण वर्गात मागच्या बाकावर बसलेला एखादा पांडुरंग परीक्षेला बसला नाही, तर त्याच्या नावापुढे 'अनुपस्थित' लिहून मोकळे होतो.

अनिल अवचट पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. सरळ वाट दवाखान्याकडे जात होती. बिहारमध्ये जे दारिद्र्य त्यांनी पाहिले त्यातून 'पूर्णिया' (१९६९) हे त्यांचे पहिले पुस्तक झाले आणि पुढचे आयुष्य लेखनाकडे व सामाजिक कामाकडे वळले. दुर्गा भागवतांचे उदाहरण याहून कठोर आहे. मध्य प्रदेशातील आदिवासी भागात संशोधनासाठी फिरत असताना विषारी सुरण खाण्यात आल्याने त्यांना दीर्घ आजारपण आले आणि डॉक्टरेट अपुरी राहिली. पुढे 'ऋतुचक्र' (१९५६) लिहिणाऱ्या दुर्गाबाईंना पदवीवाचून काही अडले नाही, असे आपण आज सहज म्हणतो. अंथरुणाला खिळलेल्या त्या वर्षांत मात्र पुढे 'ऋतुचक्र' येणार आहे, हे कुणाला ठाऊक होते?

इथेच आम्हाला सावध व्हावेसे वाटते. अशी उदाहरणे व्याख्यानात फार सोयीची असतात. 'संकट हीच संधी' असे फळ्यावर लिहिले की टाळ्या मिळतात. पण अनपेक्षित अनुभव सगळ्यांनाच घडवतो, हे खरे नाही. पुष्कळांना तो नुसता मोडतो. पांडुरंगाला परतायला घर होते आणि वडिलांची शेती होती. अवचटांच्या हाती पदवी होती, शिवाय डॉ. सुनंदा अवचट यांच्या नोकरीवर संसार चालत होता, म्हणून आपण लिहू-फिरू शकलो, हे त्यांनी स्वतःच कृतज्ञतेने नोंदवले आहे. वाट बदलणाऱ्याच्या मागे बहुधा कुणीतरी त्या बदलाचा खर्च उचलत असते. चरित्रे वाचताना आपण वळण पाहतो आणि तो खर्च विसरतो.

ज्यांच्यामागे असे कुणी नसते, त्यांचे काय होते हे आम्ही जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक हुशार मुलगी दिवाळीनंतर येईनाशी झाली. नियमाप्रमाणे ७५ टक्के उपस्थिती भरत नव्हती. नियमाप्रमाणे घरी नोटीस गेली. त्या नोटिशीवर आमचीच सही होती. पुढे दोन वर्षांनी ती आमच्यापैकी एकाला एस.टी. स्टँडवर भेटली. आई ग्रामीण रुग्णालयात होती, म्हणून ती येऊ शकली नव्हती. 'नोटीस आली तेव्हा घरच्यांना वाटलं, कॉलेजनं नावच कमी केलं,' ती म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तिने पुन्हा प्रवेश घेतला नाही.

तिची वाट आईच्या आजाराने वळली होती; बंद मात्र आम्ही केली. एक फोन, वर्गातल्या मैत्रिणीकडे एक चौकशी, एवढ्याने ती परतली असती का, हे सांगता येत नाही. ती शक्यता आम्ही शिल्लक ठेवली नाही, एवढे निश्चित.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मध्येच थांबण्याची आणि पुन्हा येण्याची सोय कागदावर तरी मान्य केली आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, आणि मिळवलेली श्रेयांके खात्यावर जमा. शिक्षण अर्ध्यावर सुटणे हा गुन्हा नव्हे, ही त्यामागची भूमिका आम्हाला स्वागतार्ह वाटते. भीती एवढीच, की बाहेर पडण्याचे दार रुंद होईल आणि परतीचे अरुंदच राहील. परत येणाऱ्याला श्रेयांकांबरोबर वसतिगृहातली जागा लागते, फीची सोय लागते आणि त्याच्याहून लहान मुलांच्या वर्गात बसताना ओशाळे वाटू नये असा शिक्षक लागतो. यांतले पहिले दोन आमच्या हातात नाहीत. तिसरे आहे.

म्हणून आमच्या विभागापुरते आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आहेत. अनुपस्थितीची नोटीस धाडण्यापूर्वी विद्यार्थ्याशी किंवा त्याच्या घरच्यांशी प्रत्यक्ष बोलायचे. आणि गॅप घेऊन आलेल्याला प्रतिज्ञापत्र मागण्याआधी खुर्ची द्यायची व त्या वर्षांविषयी, त्याला सांगावेसे वाटेल तेवढेच, ऐकायचे. अन्य महाविद्यालयांतील मित्रांनी याहून चांगले काही करून पाहिले असेल, तर ते समजून घ्यायला आम्हाला आवडेल.