गावगाण्याला सोवळे नेसवू नका

फराळाच्या ताटासमोर भांडण उकरून काढू नये, हे मला कळते. पण चकली मोडता मोडता आमची कळवणची मंडळी संगीतावर जे निकाल देतात, ते ऐकून गप्प बसवत नाही.

२९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. अजय-अतुल यांची त्यातली गाणी चारच. पण त्यांनी वरातीपासून गणपतीच्या मांडवापर्यंत सारा महाराष्ट्र नाचवला. तेव्हापासून शुद्धतेचे चौकीदार मला भेटतात ते एकच गाऱ्हाणे घेऊन. करमाळ्याकडच्या पोरापोरींच्या गाण्याला लॉस एंजलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवरचा वाद्यवृंद कशाला? गावचे गाणे बाटले म्हणे!

बाटले? मग जिच्यावाचून तुमचे भजन अडते, ती पेटी कोठली? ती युरोपातली. तिच्यात श्रुती नीट लागत नाहीत म्हणून १९४० साली रेडिओने तिला बाहेर काढले आणि १९७१ साली दार पुन्हा किलकिले केले. तोवर भजनी मंडळांनी तिला पोटाशी धरून कितीतरी एकादश्या जागवल्या होत्या.

हे सोवळे अमेरिकेतही आहे. १९६८ साली ‘द बर्ड्स’ या रॉक गाणाऱ्या मंडळींनी तिकडच्या खेडुती वळणाची ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ ही तबकडी काढली. खेडुती गाण्याच्या रसिकांना ती आगळीक वाटली, रॉकवाल्यांना गावंढळ! बिलबोर्डच्या यादीत ती ७७ व्या क्रमांकावरच अडली. पुढे कंट्री-रॉकचा पाया म्हणून तिचेच नाव घेतले जाऊ लागले. बरे, तीत वाजणारा बँजो तरी कोणाचा? आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर तारा ताणून तो घडवला.

भोपळ्यावरून आपली पावरी आठवते. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात कळवण तालुक्याच्या पाड्यांवर ती घुमते. तिच्या शेजारी उद्या कोणा पोराने गिटार धरली, तर हेच चौकीदार कपाळाला आठ्या घालतील. पण यांच्या घरी कार्य निघाले की पाड्यावरच्या संबळवाल्याला, पावरीवाल्याला सुपारी देतात काय? नाव नको! दारात डीजेची भिंत उभी राहते आणि तिच्या दणक्यात गावची शुद्धता खुशाल वाहून जाते.

अहो, परक्या वाद्याने गाणे मरत नाही. वाजवणाऱ्याच्या चुलीवर भांडे चढले नाही, म्हणजे मात्र ते खात्रीने मरते.

तेव्हा ते सोवळे घडी करून ट्रंकेत ठेवा. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होईल. त्याआधी पाड्यावर जा आणि संबळ-पावरीवाल्याला विसार देऊन या. मग त्याने शेजारी गिटार बसवली काय किंवा शंभर व्हायोलिने बसवली काय, ते त्याचे तो पाहील.