हळदीचा काप आणि गणिताचे पुस्तक

हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती वाहणारे आमचे एक वाचकबंधू परवा भेटले. त्यांची मुलगी दहावी पास झाली आहे. "पोरीला जीवशास्त्राची आवड आहे. मग अकरावीत गणिताचा ताप कशाला? सोडून द्यावं का?" असे त्यांनी विचारले. उत्तर त्यांच्या खांद्यावरच्या पोत्यातच आहे.

हळदीचा पिवळेपणा करक्युमिन या द्रव्यामुळे असतो. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये कालवून दुकानातल्या नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा. ती हिरवट-पिवळी चमकते. या चमकण्याला प्रतिदीप्ती म्हणतात. शास्त्रज्ञही पेशींच्या निरनिराळ्या भागांना असे चमकणारे रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये हे काम चालते.

अडचण अशी की, नमुना जाड असला तर त्याचे सगळेच थर एकदम चमकतात. भिंग एका थरावर लावले तरी वरखालच्या थरांचा उजेड धुक्यासारखा पसरतो. पातळ काप घ्यावा तर पेशींची मांडणी तुटते, जिवंत नमुना मरतो.

येथे गणित कामी येते. आधी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा चमकता मणी पाहतात. तो असतो ठिपका, पण भिंगातून पसरट दिसतो आणि खोलीच्या दिशेने तर अधिकच लांबट. यंत्र एका ठिपक्याला किती पसरवते, याचे माप असे मिळते. मग नमुन्याचे थराथराने फोटो घेतात. संगणक मूळ वस्तूचा अंदाज बांधतो, तो अंदाज त्याच मापाने पसरवून फोटोशी ताडून पाहतो, चूक दुरुस्त करतो आणि पुन्हा तेच करतो. धुके विरळ होत जाते आणि न कापता पेशीची लांबी, रुंदी, खोली दिसू लागते.

ही रीत विल्यम रिचर्डसन यांनी १९७२ साली आणि लिऑन लुसी यांनी १९७४ साली स्वतंत्रपणे मांडली. १९९० साली अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीच्या आरशात दोष निघाला, तेव्हा १९९३ च्या दुरुस्तीपर्यंत तिची अंधुक चित्रे अशाच गणिताने सुधारली गेली. ताऱ्यांना लागू पडणारे गणित पेशीलाही लागू पडते!

मात्र संगणकाचे चित्र डोळे झाकून मानू नये. फेऱ्या फार झाल्या तर तो नसलेले ठिपकेही दाखवू लागतो. खरा ठिपका कोणता नि खोटा कोणता, हे ओळखायलाही गणितच हवे.

म्हणून त्या बंधूंना आणि सर्व आईबापांना आमचे सांगणे आहे, मुलीला जीवशास्त्र जरूर घेऊ द्या, पण गणित सोडवू नका. अकरावीला दोन्ही विषय सोबत घेता येतात. आकड्यांची भीती सरावाने जाते; सोडलेला विषय पुन्हा धरणे मात्र फार अवघड असते.