मंडपवाल्याकडचा पोरगा ‘ठेकेदार’ कसा? बडोद्याला कामाला जाणाऱ्यांनी समजून घ्यावं असं काही

नंदुरबार जिल्ह्यातून गुजरातला कामाला जाणं नवं नाही. ऊसतोड, बांधकाम, शेतमजुरी ही कामं सगळ्यांना ठाऊक आहेत. पण सुरत, भरूच, बडोद्यासारख्या शहरांत आणखी एक धंदा आहे, ज्याला भरपूर हात लागतात आणि ज्याची चर्चा कुणी करत नाही. तो म्हणजे भाड्याने सामान देणाऱ्यांचा धंदा. मंडप, खुर्च्या, गाद्या, कनाती, लोखंडी पाइप, स्टेज, दिवे. लगीनसराईत आणि नवरात्रात बडोद्यात या सामानाला उसंत नसते. गरब्याची मोठमोठी मैदानं नऊ रात्रींसाठी उभी राहतात आणि दहाव्या दिवशी उतरवली जातात. हे सगळं उभं करणारी, उतरवणारी पोरं बहुतेक बाहेरगावची असतात.

या पोरांचं नाव हजेरीपुस्तकात असतं का? बहुतेक ठिकाणी नसतं. शेठला विचारलं तर एकच उत्तर येतं, “ते आमचे नोकर नाहीत, ठेक्यावर आहेत.” मुकादमाला विचारलं तर तो शेठकडे बोट दाखवतो. काम सुरळीत चालतं तोवर याने काही बिघडत नाही. पोरगा पंधरा फुटांवरून खाली पडतो, त्या दिवशी मात्र तो ‘कुणाचा’ होता हा लाखमोलाचा प्रश्न होतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. 29 जुने कायदे त्यात सामावले गेले. त्यामुळे हा प्रश्न पुन्हा नीट बघायला हवा.

नाव काय दिलं, यावर काही ठरत नाही

आधी एक गैरसमज काढून टाकू. कागदावर ‘ठेकेदार’ लिहिलं, पैसे देताना टीडीएस कापला किंवा व्हाउचरवर ‘लेबर चार्ज’ म्हणून सही घेतली, एवढ्याने माणूस ठेकेदार होत नाही. काम प्रत्यक्षात कसं चालतं, ते न्यायालय बघतं.

यातला देशभर दाखला म्हणून वापरला जाणारा निकाल गुजरातच्याच मातीतला आहे. ध्रांगध्रा केमिकल वर्क्स विरुद्ध सौराष्ट्र राज्य हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1956च्या नोव्हेंबरात निकाल लागला. प्रश्न होता मिठागरातल्या अगरियांचा. ते हंगामापुरते यायचे, सुरुवातीला आगाऊ रक्कम घ्यायचे आणि मिठाच्या मणामागे पैसे मिळवायचे. कामाचे तास ठरलेले नव्हते, हजेरी नव्हती. मदतीला घरची माणसं किंवा मजूर लावायचीही मुभा होती. कंपनी म्हणाली, हे स्वतंत्र ठेकेदार आहेत. न्यायालयाने ते मानलं नाही. अगरिया स्वतः राबत होते आणि काम कसं करायचं यावर कंपनीची देखरेख होती, म्हणून ते कामगारच ठरले.

आता अगरियांच्या जागी आपला मंडपवाला पोरगा ठेवून बघा. हंगाम आहे, उचल आहे, नगावर पैसे आहेत, सोबत दोन भाऊ आणलेत. फारसा फरक दिसत नाही.

दुसरा निकाल 1973चा, सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसचा. शिंपी कपड्यामागे पैसे घ्यायचे, वाटेल तेव्हा यायचे-जायचे, काही जण तर काम घरी न्यायचे. पण बहुतेकांची शिलाई मशिनं दुकानाची होती आणि शिवण बिघडली तर ती उसवून पुन्हा शिवायला लावायचा हक्क मालकाकडे होता. न्यायालयाने त्यांना दुकानाचे कर्मचारी मानलं. म्हणजे तासांचं बंधन नसलं तरी नातं मालक-नोकराचं असू शकतं.

1978च्या हुसेनभाई निकालात न्यायालय आणखी पुढे गेलं. मध्ये ठेकेदार असला तरी कामगाराची रोजीरोटी ज्या धंद्यावर चालते आणि ज्याच्या हातात ती रोखण्याची ताकद आहे, खरा मालक तोच, असं त्या निकालाचं सार आहे.

मग खरा ठेकेदार कोण?

भाड्याच्या धंद्यात खरे ठेकेदारही असतातच. स्वतःचा टेम्पो असलेला माणूस आज या मंडपवाल्याचं सामान नेतो, उद्या दुसऱ्याचं. टेम्पोचा हप्ता, डिझेल, दुरुस्ती सगळं त्याच्या अंगावर. जनरेटर आणि साउंडवाला स्वतःच्या वायरी आणि माणसं घेऊन येतो, बिल देतो आणि काम बिघडलं तर तोटाही त्याचाच. पडदे-गाद्या धुणारा दहा जणांचं काम घेतो. ही माणसं स्वतःचा धंदा करतात.

बांबू बांधणारा पोरगा यात बसत नाही. पाइप शेठचे, दोर शेठचा, गाडी शेठची. कोणत्या मैदानावर जायचं, किती वाजता आणि कशा पद्धतीने उभारायचं, हे शेठ किंवा त्याचा सुपरवायझर सांगतो. पार्टीने पैसे बुडवले तर पोराचा नफा-तोटा होत नाही, त्याची फक्त मजुरी अडकते. शिवाय मंडप उभारणं हाच शेठचा मूळ धंदा आहे, बाजूचं काम नव्हे. यातलं एकच लक्षण बघून निर्णय होत नाही, सगळी मिळून तोलली जातात. पण इथे तराजू कुठे झुकतो ते उघड आहे.

मुकादमाचं थोडं वेगळं आहे. तो स्वतः टोळीत राबतो आणि वर दोन पैसे जास्त घेतो, तर तोही कामगारच ठरू शकतो. तो चार मंडपवाल्यांना माणसं पुरवतो आणि मजुरी स्वतः वाटतो, तर तो ठेकेदार. पण तेव्हाही शेठ सुटत नाही. नव्या वेतन संहितेत स्पष्ट आहे की मजुरी देणाऱ्याने ती दिली नाही, तर ज्याची आस्थापना आहे त्या मालकावर ती द्यायची जबाबदारी येते.

10, 20, 50: आकड्यांचा खेळ

छोट्या धंद्यात ‘ठेका’ हा शब्द इतका लाडका का, याचं कारण कायद्यातल्या आकड्यांत आहे. 10 माणसं झाली की ईएसआय लागतं आणि ग्रॅच्युइटीचा हिशोब सुरू होतो. 20 झाली की भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे पीएफ. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी पूर्वी 20 माणसांना लागायच्या, नव्या संहितेत तो आकडा 50 झालाय. परप्रांतातून आलेल्या कामगारांसाठीच्या तरतुदी पूर्वी 5 जणांपासून लागायच्या, आता 10 पासून. म्हणजे छोट्या मालकाला इथे सूट वाढली. दुसऱ्या बाजूने, मुकादमाशिवाय स्वतःहून गेलेला माणूसही आता ‘आंतरराज्य स्थलांतरित कामगार’ धरला जातो. ही आपल्या लोकांसाठी जमेची बाजू.

म्हणून हजेरीत आठ माणसं आणि मैदानावर तीस, असं चित्र दिसतं. पण ईएसआयसाठी मोजताना रोजंदारीचे आणि मुकादमामार्फत आलेलेही धरले जातात. आणि एकदा कायदा लागू झाला की हंगाम संपून माणसं कमी झाली तरी तो लागूच राहतो.

किमान वेतनाला तर माणसांचा आकडाच नाही. वेतन संहितेत सगळे कर्मचारी आले, एक माणूस असला तरी. जादा तासांचे पैसे दुप्पट दराने. कामावरून काढलं किंवा स्वतः सोडलं, तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशोब पूर्ण. मजुरी थकली तर तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो आणि पैसे दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची.

शेठचा हिशोब शेठच्याच वहीत मांडू

मालकाची बाजूही ऐकायला हवी. पार्टी पैसे उशिरा देते, पावसाळ्यात गोदाम बंद पडून राहतं, माणूस पंधरा दिवस राबून गावाला निघून जातो. कित्येक पोरंच म्हणतात, “पीएफ कापू नका, रोख द्या.” यात खोटं काही नाही. तरीही हिशोब करून बघू.

15,000 रुपये पगारावर ईएसआयचा मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, म्हणजे महिन्याला साडेचारशे-पाचशेच्या घरात, नेमके 487 रुपये 50 पैसे. कामगाराचा वाटा 112 रुपये 50 पैसे. एवढ्यात अपघाताचा उपचार, रजेचा भत्ता आणि मृत्यू झाल्यास घरच्यांना पेन्शन, हे सगळं ईएसआयकडे जातं.

ईएसआय नसेल तर? मग कामगार भरपाईचा कायदा येतो. मुळात 1923चा हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. त्याला 10 किंवा 20 माणसांची अट नाही, काम मात्र धोक्याच्या कामांच्या यादीत बसावं लागतं. जुन्या कायद्याच्या सूत्राने 25 वर्षांचा, 15,000 रुपये पगाराचा माणूस कामावर गेला तर भरपाई होते 16,26,825 रुपये. निम्मा पगार गुणिले 216.91, असं ते गणित आहे. ती रक्कम मालकाच्या खिशातून. माणूस ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाकडे ती मागता येते, नंतर त्याने ठेकेदाराकडून वसूल करावी. महिन्याला पाचशे वाचवायला सोळा लाखांची जोखीम घेणं हा कसला व्यवहार?

बडोद्याला याची आठवण करून द्यायची गरज नसावी. 18 जानेवारी 2024 ला हरणी तलावात बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. तलाव महापालिकेचा, चालवायला ठेकेदार. गुन्हा दाखल झाला तेव्हा बोट चालवणाऱ्यांपासून ठेका घेतलेल्या फर्मच्या भागीदारांपर्यंत नावं आली. ठेका दिला म्हणून जबाबदारी दिली, असं होत नाही.

एक उलटं उदाहरणही सांगायला हवं. नवसारीच्या एका डोळ्यांच्या रुग्णालयाच्या गाडीला अपघात होऊन तिथले एक डॉक्टर गेले. विमा कंपनी म्हणाली, ते रुग्णालयाचे नोकर होते, म्हणून आमची जबाबदारी मर्यादित. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करार तपासला आणि सांगितलं, ते नोकर नव्हते, स्वतंत्र व्यावसायिक होते. कुटुंबाला पूर्ण भरपाईचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे ‘नोकर’ हा शब्द दरवेळी फायद्याचा आणि ‘ठेकेदार’ दरवेळी तोट्याचा, असंही नाही. काम खरोखर कसं चालतं, तेच दोन्हीकडे निर्णायक ठरलं.

जाणाऱ्यांनी काय करावं?

फार मोठं काही नको. शेठच्या फर्मचं नाव, गोदामाचा पत्ता आणि जीएसटी नंबर असलेल्या बोर्डाचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. रोज कुठल्या मैदानावर काम केलं ते वहीत टिपा. मजुरी शक्यतो खात्यावर किंवा यूपीआयने घ्या. रोख घेतली तर आकडा मेसेजवर कळवून ठेवा. कामाला बोलावणारे व्हॉट्सअॅप मेसेज पुसू नका. ‘मी याच्याकडे कामाला होतो’ हे सिद्ध करायला हेच कागद होतात. ई-श्रम कार्ड काढलं नसेल तर काढा. दहा किंवा जास्त माणसं असतील तर नियुक्तीपत्र मागायचा हक्क आहे, तो मागा.

आणि घरच्यांनी एवढं लक्षात ठेवावं: अपघात बडोद्यात झाला तरी भरपाईचा अर्ज तिथेच करायला पाहिजे असं नाही. कामगार किंवा त्याचे वारस जिथे राहतात, तिथल्या भागाच्या आयुक्तांकडेही तो करता येतो. म्हणजे धडगावच्या बाईला तारखांसाठी बडोद्याच्या चकरा मारायची गरज नाही. ही तरतूद 1995च्या दुरुस्तीपासून आहे, पण गावात ती फार कमी जणांना माहीत असते. ‘शेठ वीस हजार देतोय, घेऊन टाका’ म्हणणाऱ्याच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी एकदा वकिलाला किंवा कामगार कार्यालयात विचारा.