‘पाट’ म्हणजे कोणते रेशीम?

गेल्या सत्रात एका जुन्या मराठी काव्यातील वस्त्रवर्णन शिकवीत असता ‘पाटाव’ या शब्दाचा अर्थ प्रस्तुत लेखकाने नेहमीच्या सवयीने ‘रेशमी वस्त्र’ असा सांगितला. तेव्हा एका असमिया विद्यार्थिनीने विचारले, “सर, कोणते रेशीम? पाट, मुगा की एरी?” शेजारच्या बंगाली विद्यार्थ्याला हसू आले, कारण आजच्या बंगालीत पाट म्हणजे ताग. मजजवळ उत्तर नव्हते.

संस्कृतातील पट्ट, तमिळ-तेलुगूतील पट्टु, ओडियातील पाट, मराठीतील पाटाव आणि दागिने रेशमात गुंफणारा पटवेकरी ही सारी नावे एकाच गोतातली दिसतात. असमियात मात्र ‘पाट’ म्हणजे तुतीच्या पानांवर पोसलेल्या किड्याचेच रेशीम. फारसीतून आलेल्या आपल्या ‘रेशीम’ या शब्दाने हे सारे भेद पुसून टाकले, आणि आपण अनुवादक त्या पुसण्यालाच अर्थनिर्णय समजत आलो.

हा भेद केवळ कापडबाजारातला नाही. कापसाचे तंतू आखूड. त्यांना पीळ देऊन सूत निर्माण करावे लागते. तुतीच्या किड्याचा कोश म्हणजे शेकडो मीटर लांबीचा एकच सलग धागा. तो कातावयाचा नसतो, कोश गरम पाण्यात टाकून उकलावयाचा असतो, आणि त्यासाठी आतला जीव बहुधा आधीच मारला जातो. एरंडाच्या पानांवर वाढणाऱ्या एरीचा कोश एका टोकाला उघडा असतो. त्याचा धागा सलग उकलत नाही. पतंग निघून गेल्यावर तो कापसासारखा कातावा लागतो. विदर्भातील ऐन-अर्जुनावरचा कोसा आणखी निराळा. अशा स्थितीत ‘सूत’ आणि ‘धागा’ यांवर उभारलेल्या रूपकांची तुलना करताना तो धागा कातलेला की उकललेला, हे न विचारता पुढे जाणे मला धाडसाचे वाटते.

कालनिर्णयातही या ढिलाईने घोटाळा होतो. रेशीम चीनमधून आले, म्हणून ज्या ग्रंथात रेशीम तो चीनच्या संपर्कानंतरचा, असे अनुमान सहज केले जाते. परंतु कौटिलीय अर्थशास्त्रात पत्रोर्ण, कौशेय आणि चीनपट्ट यांची नावे वेगवेगळी घेतली आहेत. हडप्पा व चन्हुदडो येथील इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातील अलंकारांत रानटी पतंगांच्या रेशमाचे तंतू आढळल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा ‘चीन’ या नावावरून काढलेले अनुमान कदाचित टिकेल. नुसत्या ‘कौशेय’वरून काढलेले टिकणार नाही. ‘रेशीम-मार्ग’ हे नावदेखील रिख्टहोफेन या जर्मन भूगोलवेत्त्याने १८७७ मध्ये रूढ केले. त्या नावाच्या प्रभावाखाली भारताला केवळ गिऱ्हाईक ठरविणे आपण तरी थांबवावयास हवे. दशपूरच्या, म्हणजे मंदसोरच्या, शिलालेखात लाट देशातून आलेल्या पट्टवायांच्या श्रेणीने मालव संवत् ४९३ मध्ये सूर्यमंदिर बांधल्याचे वर्णन आहे. वत्सभट्टीच्या या रचनेवर साहित्याभ्यासकांनी पुष्कळ लिहिले. पण हे विणकर कोणते रेशीम विणीत, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो.

मराठीपुरते बोलावयाचे तर नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन मण्यांच्या माळेच्या दोऱ्यात रेशमाचे तंतू असल्याचे गुलाटी यांनी १९६१ मध्ये नोंदविले. त्याच नेवाशाशी जिचे नाव निगडित आहे त्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात स्वतःच स्वतःचा वैरी होणाऱ्या कोशकीटकाचा दृष्टान्त येतो. या दोहोंत कार्यकारणसंबंध जोडणे हास्यास्पद ठरेल, आणि माझा तसा हेतूही नाही. मात्र त्या दृष्टान्तातील कोश बंद आहे. एरीचा उघडा कोश रोज हाताळणाऱ्या समाजाच्या काव्यात हा दृष्टान्त याच अर्थाने येतो काय? हे असमिया संतवाङ्मयाच्या जाणकारांनी पाहावे, अशी माझी विनंती आहे.

माझी सूचना माफक आहे. भारतीय भाषांतील वस्त्रनामांची एक सामाईक सूची भाषाविभागांनी मिळून करावी, आणि प्रत्येक नावापुढे प्रदेश, शतक, तंतू व तो काढण्याची रीत एवढे तरी द्यावे. ‘रेशीम’ हा अर्थ कोठेही एकटा देऊ नये. आरंभ ‘पाट’ या शब्दापासून करावा आणि पहिली नोंद असमिया विभागाने लिहावी.